रंगावर लावलेली चिमटी

मित्रांनो, मी एक जुनी बत्ती आहे. बत्ती म्हटलं की तुम्हाला वाटेल, अंधारात वाट दाखवणारी. ती मी नव्हे. तसल्या बत्त्या दुकानात ढिगानं पडलेल्या असतात. बटण दाबलं की पेटतात, मग दाबणारा चोर असो की साव. मी कुणाच्या सांगण्यावरून पेटत नाही. मोटारीच्या वायरीत करंट असेल तर पेटते, नसेल तर नाही. गॅरेजात मला टेस्ट बत्ती म्हणतात. हो किंवा नाही, एवढंच मला सांगता येतं. मधलं गुळमुळीत बोलणं मला कुणी शिकवलं नाही आणि मी शिकलेही नाही.

आज मी एका गंजक्या डब्यात, बिनकामाच्या स्क्रूंच्या संगतीत पडून आहे. माझी वायर मधोमध तुटलेली आहे. ती झिजून तुटली नाही की कुठं अडकून ओढली गेली नाही. ती पक्कडीनं कापली, दिवसाढवळ्या, चार डोळ्यांसमोर. आणि जिनं मला घडवलं तिनंच कापली. रडगाणं गायची मला सवय नाही, पण झालं ते गिळून गप्प बसायचीही नाही. म्हणून सांगते.

मला माईनं केलं. माई म्हणजे गॅरेजवाल्या मिस्त्रीची बायको. खाली गॅरेज, वर घर आणि मधे एक लाकडी जिना. मिस्त्री इंजिनातला माणूस. त्याचे हात म्हणजे फावडी. आख्खा गिअरबॉक्स पोटाशी धरून उचलायचा, पण डॅशबोर्डच्या मागं बारीक वायरींच्या जंजाळात त्याचं एक बोटही शिरायचं नाही. मग तो जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, "अगं, जरा खाली ये. तुझी बोटं हवीत."

"नुसती बोटं पाठवू, की मीही येऊ?" माई वरून विचारायची.

"बोटं पाठव. तोंड वरच राहू दे!"

तोंडासकट यायची ती. पदर खोचून सीटखाली आडवी व्हायची आणि वायर हुडकून काढायची. शाळेचं तोंड तिनं जेमतेम पाहिलं होतं, पण कुठली वायर कुठं जाते हे एकदा बघितलं की विसरायची नाही. तिची बोटं आत गेली की मिस्त्री बाहेरून टॉर्च धरून उभा राहायचा आणि शिव्या खायचा, कारण उजेड नेमका तिच्या डोळ्यात मारायचा.

मिस्त्रीची करंट बघायची रीत म्हणजे वायरीचं उघडं टोक मोटारीच्या पत्र्याला घासायचं. ठिणगी उडाली म्हणजे करंट आहे. ठिणगीबरोबर कधी फ्यूज उडायचा, कधी सीटच्या कापडाला भोक पडायचं. एकदा तर मिस्त्रीच्या भुवईचा निम्मा भाग गेला. माई म्हणाली, "हे म्हणजे घर जाळून कोळशाचा धंदा झाला." आणि त्याच आठवड्यात तिनं मला केलं.

डॅशबोर्डातला एक इवलासा बल्ब घेतला. तिची स्वेटर विणायची एक लोखंडी सुई होती, तिची जोडीदारीण हरवली होती. ती घासून घासून तिनं टोकदार केली. बल्बाला एका बाजूला ती सुई, दुसऱ्या बाजूला जुन्या हॉर्नची लांब वायर आणि वायरीच्या शेवटी एक दातेरी चिमटी. पेनाच्या पारदर्शक नळीत बल्ब बसवला आणि वरून काळी टेप गुंडाळली. दिसायला मी काही रूपवती नव्हते. मिस्त्री म्हणाला, "हे काय, मेलेलं झुरळ?" माईनं काही न बोलता माझी चिमटी बॅटरीच्या एका टोकाला लावली आणि सुई दुसऱ्या टोकाला टेकवली. मी पेटले. मिस्त्रीचं तोंड बंद झालं. त्या घरात ते क्वचितच घडायचं.

आता तुम्हाला माझं काम थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचा दगा तुमच्या लक्षात येणार नाही. करंट बॅटरीच्या एका टोकातून निघतो, वायरीतून दिव्यापर्यंत जातो, दिवा पेटवतो आणि मोटारीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येतो. म्हणजे दोन वाटा झाल्या, जायची आणि यायची. जाणाऱ्या वाटेकडे सगळ्यांचं लक्ष असतं. येणाऱ्या वाटेची आठवण कुणाला राहत नाही. जुन्या गाडीत तीच आधी बिघडते. एखादा बोल्ट गंजतो आणि परतीची वाट बंद होते. करंट काही रुसून बसत नाही. तो शेजारच्या दाराने निघतो. मग ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मिणमिणतो, आणि इंडिकेटर लावावा तर मागचे सगळे दिवे डोळे मिचकावतात. गाडीवाला बल्ब बदलतो, फ्यूज बदलतो, गाडीला भूत लागलं म्हणतो. माई म्हणायची, "नवी नवरी आणली म्हणून गळकं छप्पर थांबतंय होय!"

माझी चिमटी मात्र उघड्या, चकचकीत लोखंडाला धरायला हवी. रंग असला की मी आंधळी. रंगातून करंट जात नाही. चिमटी रंगावर लावली तर सुई खुद्द बॅटरीत खुपसा, मी पेटणार नाही. म्हणजे माझ्या तोंडावर हात ठेवून मला प्रश्न विचारल्यासारखं. म्हणून माईचा नेम होता. चिमटी लावली की सुई आधी चालू दिव्याच्या वायरीला टोचायची. तिथं मी पेटले तरच पुढं जायचं आणि बंद दिव्याकडे बघायचं. "आधी साक्षीदार शुद्धीवर आहे का बघा," ती गिऱ्हाइकाला सांगायची, "मग साक्ष घ्या." हा नेम तिनं हात धुवून जेवायला बसावं तसा पाळला. घाई असो, पाहुणे असोत, वर दूध उतू जात असो.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. एक टॅक्सीवाला यायचा, भांडकुदळ म्हणून गावभर नाव होतं त्याचं. मिस्त्रीनं सांगितलेलं त्याला काही पटायचं नाही. पण मी पेटले की गप्प. "बत्ती बोलली ना? मग झालं," म्हणायचा. दुसऱ्या गॅरेजचे लोक मला मागून न्यायला यायचे. माई द्यायची नाही. "लेक आहे ती माझी. पाहिजे तर गाडी घेऊन या, ती बघेल," म्हणायची. लेक! हा शब्द मी लक्षात ठेवला आहे.

लोण्याच्या रंगाची एक छोटी गोलमटोल मोटार आमच्याकडे नेहमी यायची. ती नर्सबाईंची. नर्सबाई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायच्या. कुणाचं इंजेक्शन, कुणाची मलमपट्टी, कुणाला कुशीवर वळवायचं. त्यांची माणसं चढावरच्या वस्तीत, उतारावरच्या वस्तीत, जिथं रस्त्याला दिवे नाहीत अशा ठिकाणी. त्यांची शेवटची फेरी सांज झाल्यावरची असायची. गाडीचे दिवे बिघडले म्हणजे ती फेरी गेली, आणि कुणीतरी म्हातारं माणूस ओल्या पट्टीत सकाळपर्यंत वाट बघत राहिलं. म्हणून नर्सबाईंची गाडी आली की माई हातातलं काम टाकून खाली यायची. दोघींचं पटायचंही. नर्सबाई तिला माई म्हणायच्या, ती त्यांना पोरी म्हणायची. दोघीही फटकळ. एकमेकींचं बोलणं लागत नसे.

मग दिवस पालटले. मिस्त्री गेला. माईचे गुडघे गेले. जिना उतरणं म्हणजे तिला डोंगर उतरणं झालं. गॅरेज तिच्या मुलाकडे आलं.

मुलगा एकुलता एक. माई त्याला राजा म्हणायची. नाव दुसरं होतं, पण ते कुणाला आठवत नसे. राजा हुशार होता, हे मी कबूल करते. त्याचे हात आईचे होते, बारीक आणि चपळ. माईनं मला त्याच्या हातात दिलं तेव्हा म्हणाली, "राजा, ही तुझी बहीण समज. हिला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही सांगू नकोस." तो म्हणाला, "नाही गं आई." आणि काही काळ त्यानं तसं केलंही. आधी चालू दिवा, मग बंद दिवा. मी पेटायचे, तो खूश व्हायचा. वरच्या खिडकीतून माई बघायची.

मग एक गॉगलवाला येऊ लागला. त्याला जुन्या मोटारींचा शौक होता. रस्त्यानं जाताना त्यानं नर्सबाईंची लोण्याच्या रंगाची गाडी पाहिली आणि त्याचा जीव तिच्यात अडकला. नर्सबाईंना त्यानं विचारून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "माझे पाय विकायला काढले नाहीत अजून." मग तो राजाच्या खांद्यावर हात टाकून कोपऱ्यात कुजबुजू लागला. मी टूलबॉक्सच्या झाकणावर पडून होते. मला सगळं ऐकू आलं.

"बाई विकत नाही म्हणते," गॉगलवाला म्हणाला. "पण गाडी मेली म्हटल्यावर काय लोणचं घालणार आहे?"

"मेलेली नाही ती," राजा म्हणाला.

"तू म्हणशील तर मेली. तुझ्या शब्दावर लोकांचा भरवसा आहे."

"माझ्या नाही. बत्तीवर आहे."

"मग बत्तीला म्हणायला लाव."

राजा हसला. मला वाटलं, वेड्याचं बोलणं म्हणून हसला. मला माणसं ओळखता येत नाहीत, मित्रांनो. मला फक्त करंट ओळखता येतो.

थोड्याच दिवसांनी नर्सबाई आल्या. दुपारची वेळ होती. म्हणाल्या, "राजा, बघ रे हिला काय झालंय. ब्रेक दाबला की डावीकडचा इंडिकेटर लागतो. मागचे दिवे तर असे झालेत, काजवा बरा. काल एक सायकलवाला मागून आदळता आदळता राहिला."

मी मनात म्हटलं, परतीची वाट. डिकीत गालिच्याखाली तो अर्थिंगचा बोल्ट आहे, तो गंजला असणार. मागंही एकदा गंजला होता. माईनं खरवडून घट्ट केला होता. मी तेव्हा होते की तिथं! घटकाभराचं काम होतं.

राजानं डिकी उघडली. मला उचललं. आणि माझी चिमटी त्यानं डिकीच्या बिजागरीला लावली. बिजागरी रंगवलेली होती. जाड, लोण्याच्या रंगाचा, तुळतुळीत रंग.

मला वाटलं, चुकला. घाई झाली पोराला. आता चालू दिव्याला टोचेल, मी पेटणार नाही, मग त्याच्या लक्षात येईल. पण तो चालू दिव्याकडे गेलाच नाही. त्यानं थेट मागच्या दिव्याची वायर टोचली. मग ब्रेकची. मग इंडिकेटरची. प्रत्येक वायरीत करंट होता. माझ्या सुईला तो लागत होता. आणि माझ्या तोंडावर रंगाचा हात होता.

"बघा," राजा म्हणाला. "कुठंच काही नाही. तुमच्या डोळ्यांनी बघा."

नर्सबाई वाकून माझ्याकडे बघत होत्या. "पण दिवे मंद का होईना, लागतात ना?"

"तेच तर धोक्याचं, बाई. वायरिंग आतून वितळलंय. करंट चोरवाटेनं फिरतोय. आज ना उद्या गाडी पेट घेईल. एकट्या असता तुम्ही, त्या चढावर, अंधारात..."

"सगळं नवीन घालता येणार नाही?"

"एवढ्या जुन्या गाडीचं सामान मिळत नाही आता. मी कुणी घेणारा बघतो. भंगार म्हणून का होईना, जाईल. पण चालवू नका, ही विनंती."

नर्सबाईंनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तू सांगतोस म्हणून नाही रे. बत्ती पेटत नाही, हे मी बघितलं म्हणून." आणि पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "संध्याकाळच्यांना कळवायला हवं. दुसरं कुणी शोधा म्हणून."

मित्रांनो, तोवर मी पुष्कळ वेळा विझलेली राहिले होते. ते माझं 'नाही' होतं आणि ते खरं होतं. त्या दिवशीचं विझणं माझं नव्हतं. माझ्या नावावर दुसऱ्यानं खोटं खपवलं, आणि ज्या बाईनं जगात कुणावर नसेल एवढा माझ्यावर विश्वास टाकला, तिलाच खपवलं.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी एवढी चिडले नसते. पोरगं बिघडलं, एवढंच म्हटलं असतं. पुढचं ऐका.

माईच्या पायावर त्या दिवसांत गरम पाण्याचं पातेलं कलंडलं होतं. नर्सबाई तिची पट्टी बदलायला यायच्या. त्या तशाच जिना चढून वर गेल्या. वरची खिडकी उघडी होती, आणि माईचा आवाज तर बंद खिडकीतूनही ऐकू यायचा.

"तोंड का पडलंय गं पोरी? माझा पाय सडला की काय?"

"पाय छान आहे, माई. माझे गेले. गाडी मेली." आणि नर्सबाईंनी सगळं सांगितलं.

"कुठंच पेटली नाही?" माईनं विचारलं.

"कुठंच नाही."

"ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो म्हणतेस, आणि वायरीत करंट नाही? मग तो इंडिकेटर काय तुझ्या पुण्याईवर लागतोय?"

मी आनंदानं नुसती थरथरले. ही माझी आई! थोड्या वेळानं जिना कुरकुरला. माई बसून बसून, एकेक पायरी उतरत खाली आली. एक हात नर्सबाईंच्या खांद्यावर, पायाला अर्धवट पट्टी. राजा पुढं धावला, "आई, कशाला उतरलीस? मी आहे ना."

"आहेस ते बघायलाच आले. कुठं लावली होतीस चिमटी?"

"इथंच."

"इथंच म्हणजे? बोट ठेव."

नर्सबाई बघत होत्या. राजाला बोट ठेवावं लागलं. माई बिजागरीवर वाकली. माझ्या चिमटीचे दात रंगात रुतले होते, त्याचे बारीक ठसे दिसत होते. रंग मात्र फुटला नव्हता. ती बघत राहिली. मग तिनं पोराकडे पाहिलं. त्यानं नजर खाली केली. आणि माझी खात्री आहे, तिला त्या क्षणी सगळं कळलं. चूक असती तर तो नजर खाली न करता "अरे हो!" म्हणाला असता. आपलं पोर आईला कळतं.

तिनं मला उचललं. चिमटी डिकीच्या कुलपाच्या उघड्या लोखंडाला लावली. आधी पुढच्या चालू दिव्याची वायर, तिच्या जुन्या नेमाप्रमाणे. माझी वायर लांब, पुढपर्यंत पोचली. मी पेटले. मग मागची, ब्रेकची, इंडिकेटरची. मी पेटले, पेटले, पेटले. तशी मी कधी पेटले नव्हते. मग तिनं चिमटी करंटच्या वायरीला लावून सुई गालिच्याखालच्या त्या गंजक्या बोल्टला टेकवली. मी विझले. शेजारच्या चकचकीत लोखंडाला टेकवली, पेटले. म्हणजे परतीची वाट त्या बोल्टपाशी बंद. तिनं बोल्ट काढला, पॉलिशपेपरनं घासला, खालचा पत्रा चमकेपर्यंत खरवडला आणि परत घट्ट केला. "दाब गं ब्रेक," म्हणाली. मागचे दोन्ही दिवे लालबुंद झाले. इंडिकेटर गप्प बसला.

नर्सबाईंनी टाळी वाजवली, लहान पोरीसारखी. "माई! गाडी जिवंत आहे!"

"मेली कधी होती? आजच्या फेरीला जा खुशाल."

आणि मग नर्सबाईंनी तो प्रश्न विचारला. विचारायलाच हवा होता. त्यांच्या गाडीचा प्रश्न होता, त्यांच्या माणसांचा होता. म्हणाल्या, "पण मग मघाशी बत्ती का पेटली नाही?"

राजाच्या कपाळावर घाम आला होता. मी माईच्या हातात होते. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता म्हणेल, "चिमटी रंगावर होती." तीनच शब्द. माझं नाव राहिलं असतं.

माई म्हणाली, "बत्तीच म्हातारी झाली गं. आत वायर तुटत आलीय. कधी पेटते, कधी नाही. पोराला बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला."

राजा पुटपुटला, "आई, राहू दे."

"काय राहू दे? उद्या हिच्यापायी दुसऱ्या कुणाची गाडी भंगारात जायची." आणि तिनं टेबलावरची पक्कड घेतली. "असली दगाबाज वस्तू मला गॅरेजात नको."

आणि कापली. नेमकी मधोमध. वायर आतून कशी होती ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनंच बसवलेली ती वायर होती, तिच्यात एक धागाही तुटका नव्हता.

दगाबाज! मला! मित्रांनो, आयुष्यभर एकदाही मी खोटं पेटले नाही. आणि माझ्या आईनं, मला लेक म्हणणाऱ्या बाईनं, माझी जीभ कापून वर मलाच खोटं ठरवलं.

नर्सबाईंनी खाली पडलेला माझा अर्धा तुकडा उचलला. कापलेल्या टोकाकडे पाहिलं. तांबं लखलखीत होतं. जखमांची त्यांना सवय. कुठली जखम कशी होते, ते त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "माई, पट्टी भिजवू नका." गाडीत बसल्या आणि गेल्या. माईचा पाय बरा होईपर्यंत त्या येत राहिल्या. गाडी मात्र रस्त्यापलीकडे लावायच्या. गॅरेजात पुन्हा आणली नाही. अजूनही कधी या बाजूला आल्या तर तिथंच लावतात.

त्या गेल्यावर माई स्टुलावर बसली. राजा समोर उभा होता.

"तो गॉगलवाला म्हणाला..." त्यानं सुरुवात केली.

"त्याचं नाव सांगू नकोस. त्याला मी पोटात वाढवलं नव्हतं."

"एकदाच केलं, आई."

"विष पण एकदाच खातात."

"नवी बत्ती आणतो तुला."

"मला कशाला? तुला आण. दुकानातली आण, कुणीच न केलेली. तिला कापायला लागलं तर निदान कुणाचं काळीज जाणार नाही." आणि ती उठली, बसून बसून जिना चढली. राजा हात द्यायला गेला तर म्हणाली, "तो हात आधी धू."

तिला वाईट वाटलं होतं. मी आंधळी नाही. पण वाईट वाटणं आणि खरं सांगणं यांत फरक असतो. वाईट तिला घरात, दार लावून वाटलं. खोटं ती चारचौघांत बोलली.

तेव्हापासून मी या डब्यात आहे. राजाकडे आता दुकानातली बत्ती आहे. तो आधी चालू दिव्याला टोचतो, मग बंद दिव्याला. कानाला खडा लावलाय त्यानं. लोक म्हणतात, पोरगं आईच्या वळणावर गेलं. माई खिडकीतून ऐकते आणि तिची मान ताठ होते. त्या ताठ मानेची किंमत कुणी भरली, ते कुणी विचारत नाही.

परवा माई एका स्क्रूसाठी डबा उपसायला बसली. तिची बोटं माझ्यावर आली आणि थांबली. तिनं मला उचललं, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरले. टोकाला टोक लावून पाहिलं. मला वाटलं, जोडेल. तिला येतं ते. दोन धागे पिळायचे, वरून टेप गुंडाळायची, घोटभर चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागणार नाही.

मग ती हळूच म्हणाली, "तू समजून घे गं बाई. तो काय समजणार?"

घराघरांत असंच चालतं. जो चुकतो त्याला सांभाळून घ्यायचं आणि जी चुकत नाही तिला समजून घ्यायला सांगायचं. मी नाही समजून घेतलं. का घेऊ? तिनंही मला जोडलं नाही, आणि का ते मला कळलं. जोडली की मी पेटणार. पेटले की बत्ती बिघडली होती हे खोटं पडणार. म्हणून मला तुटलेलं राहायला हवं. तिनं डबा बंद केला.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, ही म्हातारी आता आम्हाला सांगणार की जुन्या वस्तू पुसा, जपा, कोरड्या जागी ठेवा. ठेवा, चांगलंच आहे. पण वस्तू असो की माणूस, त्याचं अंग जपणं सोपं असतं. त्याचं नाव जपा. घरात कुणाची लाज झाकायची असेल तर झाका, पण ज्यानं खरं सांगितलं त्याला फाडून त्याचं पांघरूण करू नका. आणि कुणी एकाएकी गप्प झालं तर त्याला बिघडलेलं म्हणायच्या आधी बघा, त्याच्या तोंडावर कुणाचा हात तर नाही ना.

मला जोडलं नाही तरी आता चालेल. माझं एवढंच मागणं आहे. माईनं एकदा रस्ता ओलांडून त्या लोण्याच्या रंगाच्या गाडीपाशी जावं, आणि नर्सबाईंना म्हणावं, "पोरी, माझी बत्ती खोटी नव्हती." मग हा डबा कुठंही फेका.